मुळातला जाळ

माघ सरत आला की आमच्या शिवारातून एक आवाज यायचा. कर्रक्. शेवटची वेचणी होऊन कपाशी वाळून नुसत्या काड्या झालेली असायची. तिला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. लोखंडी चिमट्यात तिचं खोड धरायचं, सगळं अंग मागं टाकायचं आणि काळ्या मातीनं एकदाचं सोडलं की तो आवाज. मग पुढचं झाड. ओळीनं सात-आठ बाया लागल्या की दुपारभर कर्रक् कर्रक् चालायचं. मधूनच एखादीच्या बोटात वाळल्या बोंडाचं टरफल घुसायचं आणि ती कपाशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बाकीच्या हसायच्या.

यंदा तो आवाज आला नाही. गेल्या वर्षीही नव्हता. परवा सांजेला गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गेले, तर शिवारात चार ठिकाणी जाळ दिसला. पऱ्हाटीत बोंडअळी दडून राहते, रान लवकर मोकळं करा, असं सांगतात. मग उपटत कोण बसतो? काडी ओढली की काम झालं. शेजारच्या डोंगरकडा गावाच्या रस्त्यापर्यंत धूर पसरला होता. मिरच्यांना त्याचा वास, पदराला वास, केसांना वास. ह्या धुराचा मला संताप येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा येतो. कारण धूरसुद्धा जळतो, हे ह्या गावात पहिल्यांदा मीच सांगितलं होतं.

मी सेनगावकडची. बारावी सायन्स झाले आणि लग्न होऊन इथं आले. लग्नानंतरचा पहिलाच माघ असेल, मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, नाल्याकाठच्या चार एकरांत बाया लावल्या होत्या. शिकलेली सून घरात बसली तर लोक काय म्हणतील, म्हणून मीही चिमटा घेऊन गेले. दहा झाडांत तळहाताला फोड आले. शेजारच्या ओळीत कौसामाय होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहणारी, मागंपुढं कुणी नसलेली, गुंठाभरही जमीन नसलेली बाई. तिनं माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अगं माय, हे हात हायत का बटाटेवडे? सोड ते. मनगटानं ओढू नको. टाच रोव, आन् कमरंनं माघं जाय."

तिनं शिकवलं तसं केलं आणि झाड आलं. मुळासकट, मातीच्या ढेकळासकट. मी मुळावरची माती झटकायला लागले तर तिनं झाड माझ्या हातातून घेतलं, दोनदा हलक्या हातानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपटलं आणि मूळ मला दाखवलं. "हे पाय. जाळ मुळात असते. वरल्या काड्या काय, फुर्रकन जळून जातेत. मूळ रातभर इस्तो धरते. पावसाळ्यात सकाळी राख उकरली की लाल डोळा उघडून पाहते बघ."

आमच्याकडे एक रीत होती. जी पऱ्हाटी उपटेल, तिची पऱ्हाटी. मालक मजुरी देत नसे आणि बाई मागत नसे. त्याचं रान मोकळं व्हायचं, तिची वर्षाची चूल भागायची. कौसामाय आमच्या त्याच चार एकरांत वर्षानुवर्षं येत होती. चऱ्हाटानं बांधलेला भारा डोक्यावर घेऊन ती निघाली की मागून बाई दिसतच नसे. झुडूप चालल्यासारखं दिसायचं. घरी जाऊन ती कुऱ्हाडीनं मुळं वेगळी करायची. काड्या उन्हाळ्यासाठी आणि मुळं पावसाळ्यासाठी. मुळं ती खाटेखाली रचायची, जशी दुसरी बाई लुगडी रचून ठेवते.

आणि खोकायची. त्या खोलीला एकच खिडकी, तीही पोतं लावून बुजवलेली. मी तिच्याकडे गेले की दारातच डोळे चुरचुरायचे. सरकारी सिलिंडर तिला मिळाला होता. पहिली टाकी संपली तेव्हापासून त्यावर फडकं घालून पाण्याची कळशी ठेवलेली आहे. उंचीला बराबर येते म्हणते.

मशीन आली ती सहा-सात वर्षांपूर्वी. पुण्याकडच्या एका संस्थेची माणसं जीपमधून आली. तुमच्याकडे एवढी पऱ्हाटी आहे, तुराट्या आहेत आणि हळद शिजवायला तुम्ही एवढं लाकूड जाळता, मग ह्या काडीकचऱ्याचा गॅस करा आणि हळदीच्या कुकरखाली तो जाळा, असं म्हणाली. इकडे फाल्गुनात हळद शिजते. मोठमोठ्या ड्रमांच्या त्या कुकरांखाली दिवसभर जाळ लागतो आणि गावभर ओल्या हळदीचा मातकट, कडसर वास भरून राहतो. लोकांना पटलं. शाळेमागं पत्र्याचं शेड उभं राहिलं, त्यात एक उंच लोखंडी नळकांडं उभं राहिलं. चालवायला कुणीतरी माहितीपुस्तक वाचू शकणारं हवं होतं. गावातले बारावी सायन्सवाले पोरगे सगळे छत्रपती संभाजीनगरला नाहीतर पुण्याला गेलेले. उरले मी.

खरं सांगते, मला त्या मशीनीचं वेडच लागलं. दहा वर्षं भाकरी थापल्यावर कुणीतरी मला विचारत होतं की ज्वलन म्हणजे काय! पुस्तकात लिहिलं होतं ते मी गल्लीतल्या बायांना समजावून सांगायची. चुलीत आपण काडी जाळतो तेव्हा अर्धी जळते आणि अर्धी धूर होऊन डोळ्यांत जाते. ह्या नळकांड्यात हवा अगदी बेताची सोडतात. काडी पेटत नाही, नुसती धुमसते. तिचा धूर खालच्या निखाऱ्यांतून ओढून घेतला की त्याचा गॅस होतो. आणि तो गॅस गोठ्यातल्या गोवऱ्या पेटाव्या तसा नाही, निळा निळा जळतो.

"म्हंजे धूरच जळते?" कौसामायनं विचारलं.

"व्हय. धूरच."

"मंग मह्या डोळ्यात काय येईन?"

"काहीच न्हाई, माय. पुढच्या वर्षी घरोघर तसल्या छोट्या चुली देणार हायत. पहिली तुला."

हे मी बोलले. संस्थेचे साहेब लोक 'पुढच्या टप्प्यात पाहू' असं म्हणाले होते. त्यातलं 'पाहू' मी गाळलं. एखाद्याला आनंद व्हावा म्हणून माणूस असा एखादा शब्द गाळतो, आणि मग जन्मभर तो शब्द गिळत बसतो.

पहिली ठेच लगेच लागली. मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि ठरलं की यंदापासून सगळी पऱ्हाटी शेडवर. उपटणाऱ्या बायांना मजुरी. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, कारण मी बैठकीत नळकांड्याचं चित्र उलटं लागलंय की सुलटं, हे पाहत होते. घरी येताना कौसामाय माझ्याबरोबर चालत होती. मग म्हणाली, "मजुरी भेटंल, पोरी. पन ती चुलीत घालता येते का?" मी म्हटलं, एक वर्ष काढ, पुढं चूलच बदलणार आहे. ती म्हणाली, "काढते की. एका वर्षाचं काय!"

मशीन सुरू करायचा दिवस. शेडपुढं झेंडूच्या माळा, नारळ, साहेबांना खुर्च्या. गावानं ठरवलं होतं की पहिल्या दिवशी प्रत्येक घरानं आपल्या हातानं एकेक भारा द्यायचा. कुणी विकत नाही, कुणी मोजत नाही. लग्नात आहेर करतात तशी रांग लागली. आणि सगळे भारे मुळासकट. मातीसकट.

पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मुळं आणि माती टाळावी. आपली काळी माती फार तापली की वितळते आणि खालच्या जाळीत जाऊन घट्ट बसते. मी मामंजींना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "मुळं छाटून घ्यावी लागतील. काड्या तेवढ्या चालतेत." मामंजी शांत माणूस. आयुष्यात कुणाच्या बांधाला त्यांनी पाय लावला नाही. ते माझ्याकडे नाही, रांगेतल्या लोकांकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "देयाचं तं मुळासकट देयाचं. चांगलं काढून ठिवायचं आन् निकस देवापुढं मांडायचं, हे आपल्या गावात होत नसते."

लोकांनी माना डोलावल्या. ह्याला काय म्हणावं? लबाडीनं वाटोळं झालं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. इथं सगळं गाव आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते घेऊन उभं होतं, आणि तेच नेमकं नको होतं. साहेबांकडे पाहिलं तर ते कुठल्याशा पाहुण्याशी फोनवर बोलत होते. सगळ्यांपुढं सासऱ्याला खोटं पाडणारी सून मला होता आलं नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

रांगेत सगळ्यांत शेवटी कौसामाय होती. तिला ना वावर, ना पऱ्हाटी. तरी डोक्यावर भारा होता. छोटा, पण जड. तिनं तो माझ्या पायाशी उतरवला आणि चऱ्हाट सोडलं. नुसती मुळं होती. स्वच्छ झटकलेली, एकसारखी तोडलेली, खाटेखालची. तिचा येता पावसाळा तिनं माझ्यापुढं मांडला होता.

"माय, हे काहून आणलं?"

"सगळ्यांनी देलं, म्या काहून देऊ नये? तुव्ही मशीन हाय. हात लाव."

मी हात लावला. मीच वरचं झाकण उघडलं आणि पहिली ओंजळ त्यातलीच टाकली. पुस्तकातलं ते ठळक अक्षरांतलं वाक्य डोळ्यांपुढं असताना.

जाळ मात्र लागला. नळीच्या तोंडाशी आधी पिवळा, मग कडेनं निळा, मग सगळाच निळा. हळदीच्या कुकरला कंठ फुटला, वाफ निघाली आणि शेडमध्ये धूर नव्हता. कौसामायनं पदर डोळ्यांना लावला. सवयीनं लावला असेल. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो काढला. "धूर न्हाई वं," ती म्हणाली. "खरंच न्हाई." तिचे डोळे इतके मोठे उघडलेले मी कधी पाहिले नव्हते. तो अर्धा तास मला अजून आठवतो. आयुष्यात आपल्या हातून काही बरं झालं असं वाटलेला तो एकुलता एक अर्धा तास.

आठवड्यात मशीन गुदमरली. निळा जाळ पिवळा झाला, मग फडफडला, मग गेला. डोंगरकड्याहून रफीकभाई वेल्डरला बोलावलं. त्यानं खालचं दार उघडलं, छिन्नी लावली आणि ठोकून ठोकून वीटभट्टीत निघतो तसला काळा, चकचकीत खंगर बाहेर काढला. हातात घेतला तर काचेसारखा. "भाभी, ये मिट्टी हय," तो म्हणाला. "पिघल गई. जाली में जम गई." त्यानं साफ करून दिलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जाळीच वाकली. रफीकभाईनं घाम पुसत सांगितलं, "मय ठोक सकता हूं भाभी. समझाना तुमको पडता." खरंच होतं. पण समजावणार कुणाला?

केला प्रयत्न. एका दुपारी शेडवर कुणी नव्हतं, तेव्हा कुऱ्हाड घेऊन बसले आणि मुळं तोडायला लागले. तोडता तोडता इतकं सोपं दिसायला लागलं की मला हसूच आलं. मशीनीला मूळ नको, कौसामायला मूळच हवं. काड्या इकडे, मुळं तिकडे. बायांनी मजुरीऐवजी मुळं घ्यावीत, पावसाळा त्यांचा, निळा जाळ गावाचा. एवढीच तर गोष्ट! मुळांचा ढीग कोपऱ्यात लावला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की अमक्याची सून गावाच्या पऱ्हाटीतली मुळं काढून घरी नेते. मुळात जाळ असतो, हे कुणाला माहीत नव्हतं? मामंजींनी मला एवढंच म्हटलं, "देलेल्या जिनसातलं काढून ठिवायचं न्हाई, बाई. आपली इज्जत हाय." मी सांगत राहिले, ते ऐकत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तो ढीग उचलून झाकणातून आत टाकला. त्यांच्या मते त्यांनी माझी अब्रू वाचवली होती.

नवी जाळी येणार होती. संस्थेचा फोन आधी लागायचा, मग उचलायचे नाहीत, मग तो नंबरच अस्तित्वात नाही असं एक बाई सांगायला लागली. वर्षभरानं टपालानं मराठीत छापलेलं पत्रक आलं. 'पऱ्हाटीची मुळे छाटूनच वापरावी.' वरातीमागून घोडं! मी ते मामंजींना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि रात्री जेवले नाहीत. आता ते नाहीत. त्यांच्या कोटाच्या खिशात ते पत्रक निघालं.

माणूस हळहळतो आणि वाटतं की मशीन बंद पडली ना, मग निदान जुनी रीत तरी परत येईल. येत नाही हो. एकदा मजुरी देऊन रान मोकळं करायची सवय लागली, मग मजुरी वाचवायला ट्रॅक्टर आला, मग डिझेल वाचवायला काडेपेटी. उपटेल तिची पऱ्हाटी, हे आता कुणाला आठवतसुद्धा नाही. मी आमच्या घरात सांगून पाहिलं. आमचे हे म्हणाले, "चार एकर उपटायला बाया कुठल्या आणतीस? कौसामाय?" बरोबर होतं त्यांचं. कौसामायचे हात आता कळशी उचलताना थरथरतात.

दर वर्षी ह्या दिवसांत ती मला एक प्रश्न विचारते. पिठाच्या गिरणीपाशी, नाहीतर अशीच ओट्यावर. "पोरी, त्या दिशी मह्या मुळाचा जाळ लागला व्हता न बराबर?"

"व्हय, माय. त्याचाच तं लागला व्हता."

काय सांगू तिला? की तुझ्याच मुळांनी मशीनीचा गळा धरला? एकट्या तिच्या मुळांनी नव्हे, हे खरं. तिची तर सगळ्यांत स्वच्छ होती. पण सांगायला बसलं की ती एवढंच ऐकेल. म्हणून दर वर्षी 'व्हय'. मला वाटायचं, ह्या एका 'व्हय'नं कुणाचं काय बिघडतं?

परवाचा तो शिवारातला धूर पाहून मला राहवलं नाही. मिरच्यांचं सूप तसंच ठेवून गल्लीच्या टोकाला गेले. मागच्या महिन्यात तिला हिंगोलीला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "आजी, धुरापासून लांब राहा." आजी 'बरं' म्हणाल्या आणि घरी येऊन चूल पेटवली. दुसरं काय करणार होत्या?

दारातूनच ठसका लागला. चुलीत ओली बाभळीची काटकी होती, पुठ्ठा होता आणि युरियाच्या गोणीचा एक तुकडा आक्रसत जळत होता. त्या कडवट धुरात ती भाकरी थापत होती, डोळे जवळजवळ मिटून. मी ओरडलेच, "माय, प्लास्टिक काहून घालतीस? जीव देयाचा हाय का?"

"लाकूड कुठी हाय?" ती शांतपणे म्हणाली.

मी खाली बसले. धूर वर असतो, जमिनीजवळ जरा दिसतं. तेव्हा मला खाटेखालचं दिसलं. मुळं. भिंतीपासून काठापर्यंत ओळीनं रचलेली, पऱ्हाटीची. ट्रॅक्टरनं नांगरलं की जी उघडी पडतात, ती वेचून आणलेली. एका वर्षाची नव्हती ती. मागची करडी पडली होती, पुढची अजून तांबूस होती.

"हे काय?"

"मशीनीचे हायत," ती म्हणाली. "चालू व्हईन तवा तुला धावपळ नको. तूच तं म्हनतीस, मह्या मुळाचा जाळ लई चांगला लागते. आन् पहिली चूल मला देनार हायत, मंग म्या रिकाम्या हातानं कशी घेऊ?"

सहा-सात वर्षांचे माझे 'व्हय' त्या खाटेखाली रचलेले होते. सांगायला तोंड उघडलं आणि धूर घशात गेला. मग मी वेड्यासारखी हात घालून दोन मुळं ओढली आणि सरळ चुलीत सारली. ती लगेच धरली. स्वच्छ, लाल. गोणीचा वास जरा मागं हटला.

"अगं अगं अगं! काय करून राहिली?" कौसामायनं पिठाचा हात तसाच चुलीत घातला, दोन्ही मुळं पेटत्या टोकासकट बाहेर ओढली आणि राखेत दाबली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं झटकला. दोनदा हलक्या हातानं तिनं ती मुळं चुलीच्या कडेला आपटली, राख झाडली आणि चाचपडत परत खाटेखाली, होती त्या जागी ठेवली.

विझलेल्या मुळांचा दाट पांढरा धूर खोलीभर झाला. ती खोकली. खूप वेळ खोकली. मग डोळे पुसून, माझ्या ठसक्याच्या अंदाजानं माझ्याकडे तोंड करून तिनं विचारलं, "मशीनीत हा धूर बी जळंल, न्हाई का गं?"

"व्हय, माय," मी म्हटलं.